छेदस्थानी कोण?

राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नावाखाली पदव्यांची एक ओळ असते. एम.ए., नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पीएच.डी., आणि मग ‘विशेष अभ्यास : सामाजिक न्याय’. पदव्या सगळेच वाचतात. मला त्या शेवटच्या दोन शब्दांपाशी थांबावंसं वाटतं. न्याय-अन्यायाबद्दल काहीच मत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. आरक्षणावर पारापासून संसदेपर्यंत सगळे बोलतात. मग ज्यानं आयुष्यातली कित्येक वर्षं या एका विषयाला दिली, त्याच्यापाशी असं काय असतं, जे आपल्यापाशी नाही?

माझं उत्तर लहान आहे. त्याला छेद पाहायची सवय लागलेली असते.

अपूर्णांकातल्या वरच्या आकड्याला अंश म्हणायचं आणि खालच्याला छेद, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ‘वसतिगृहात यंदा ४० मुलींना प्रवेश दिला’ हा अंश. अर्ज किती आले, पात्र किती होत्या, आणि अर्ज सुटलेत ही बातमीच जिच्या वस्तीवर पोचली नाही अशा किती, हा छेद. अंशाचा फोटो निघतो, तो अहवालाच्या पहिल्या पानावर येतो. छेद हुडकावा लागतो. सामाजिक न्यायावरची बहुतेक भांडणं खोलात जाऊन पाहिली तर ती छेद कोणता धरायचा यावरचीच असतात, असं माझं मत आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न विद्यापीठांत राज्यशास्त्राचे विभाग निघण्याच्या कितीतरी आधी विचारला गेला. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी सरकारच्या शिक्षणखर्चाची बाजू उलटून दाखवली. महसूल भरतो रयत, घाम तिचा. आणि तो पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. सरकार कॉलेजं मोजत होतं, फुले पैसे कोणाचे हे मोजत होते. १९०२ सालच्या २६ जुलैला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा आदेश काढला, तो बहुतेकांना माहीत असतो. त्यातलं शेवटचं कलम मात्र सहसा कोणी सांगत नाही: आदेशानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचं तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं सादर करावं. मला हे कलम पन्नास टक्क्यांइतकंच मोलाचं वाटतं. हक्क जाहीर करून राजा थांबला नाही. दर तीन महिन्यांनी हिशेब मागण्याची सोय त्यानं त्याच कागदावर केली.

आणि जानेवारी १९१९ मध्ये, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेले डॉ. आंबेडकर मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढं उभे राहिले. मालमत्तेची एकच अट सगळ्यांना लावणं समान दिसतं. पण ज्याला बाजारात धंदाच करू दिला जात नाही, त्याच्यापाशी ती मालमत्ता येणार कुठून? म्हणून अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणावी, असं त्यांचं म्हणणं होतं. कोलंबियात १९१५ मध्ये एम.ए. आणि १९२७ मध्ये पीएच.डी., लंडनला १९२३ मध्ये डी.एस्सी. ही त्यांची शैक्षणिक वाटचाल गौरवानं सांगितली जाते, सांगावीच. पण त्या शिक्षणाचा वापर कसा झाला हे पाहायचं असेल तर मी या साक्षीकडं बोट दाखवीन.

आजच्या संशोधकाची वाट नियमांनी आखलेली आहे. एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट. नेट किंवा सेटमध्ये पहिला पेपर १०० गुणांचा, सगळ्यांना सारखा. दुसरा विषयाचा, २०० गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. पुढं पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम: किमान तीन वर्षं, कमाल सहा, १२ ते १६ क्रेडिटचं कोर्सवर्क. ही माहिती कुठंही मिळते. जिथं खरी गाडी अडते ती जागा निराळी आहे, ती म्हणजे विषयाचं शीर्षक.

‘महाराष्ट्रातील सामाजिक न्याय : एक अभ्यास’ अशा शीर्षकाचा प्रस्ताव घेऊन येणारा विद्यार्थी मनानं सच्चा असतो, पण त्या शीर्षकाला छेद नाही. कोणाचा न्याय, कोणत्या काळातला, कशाच्या तुलनेत? मार्गदर्शक चांगला असेल तर पहिले सहा महिने तो एवढंच करवून घेतो. २०११ मध्ये राज्यातल्या स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आलं. मग प्रश्न असा होऊ शकतो: अमुक चार जिल्हा परिषदांत त्यानंतरच्या दोन मुदतींत बांधकाम आणि अर्थ समित्यांचं सभापतिपद किती महिलांकडं गेलं, आधीच्या दोन मुदतींत किती होतं, आणि महिला व बालकल्याण समिती वगळली तर काय उरतं? यात जागा आहे, काळ आहे, तुलना आहे आणि नोंदी कोणत्या कपाटात सापडतील हेही ठरलेलं आहे. शीर्षक लांबलचक आणि रुक्ष होतं. होऊ द्यावं.

सिद्धान्त वाचायचे ते यासाठीच, की छेद कशाचा धरायचा याचे पर्याय कळावेत. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडलं की विषमता चालेल ती तेवढीच, जिनं सगळ्यांत तळच्या माणसाची स्थिती सुधारते. अमर्त्य सेन विचारतात, हातात काय पडलं यापेक्षा त्याचं माणसाला काय करता येतं? शिष्यवृत्ती खात्यावर जमा झाली हा प्रश्नाचा शेवट नव्हे. ती परीक्षा शुल्काच्या शेवटच्या तारखेनंतर जमा झाली असेल तर तिनं काय साधलं? नॅन्सी फ्रेझर वाटपाच्या जोडीला मान्यता आणि प्रतिनिधित्व ठेवतात. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात हे तिघं येतात आणि तिसऱ्यापासून गायब होतात, हा सर्रास दिसणारा दोष. सिद्धान्तानं जर तक्त्यातला एकही रकाना बदलला नसेल, तर तो नुसता सजावटीला आणलेला असतो.

छेदानं काय उलथापालथ होते याचं सगळ्यांत लख्ख उदाहरण प्राध्यापकांच्याच भरतीत घडलं. बिंदुनामावली, म्हणजे रोस्टर, ही कितवं पद कोणत्या प्रवर्गाचं हे ठरवणारी क्रमवारी. तिचा हिशेब साधा आहे. १०० ला आरक्षणाच्या टक्क्यांनी भागायचं आणि येणाऱ्या अपूर्णांकाच्या पुढची पूर्ण संख्या घ्यायची. ओबीसींचे २७ टक्के म्हणजे १०० भागिले २७, उत्तर ३.७, म्हणून चौथा बिंदू त्यांचा. अनुसूचित जातींचे १५ टक्के, उत्तर ६.६७, म्हणून सातवा. अनुसूचित जमातींचे साडेसात टक्के, उत्तर १३.३३, म्हणून चौदावा. आठवा आणि बारावा पुन्हा ओबीसी. (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के तेव्हा यात नव्हते.)

आता प्रश्न असा की हे बिंदू मोजायचे कशावर? समजा, विद्यापीठात सहायक प्राध्यापकांची २०० पदं आहेत. सबंध विद्यापीठ एकक धरलं तर अनुसूचित जातींना ३०, जमातींना १५, ओबीसींना ५४ पदं येतात. तीच २०० पदं प्रत्येकी पाच पदांच्या ४० विभागांत वाटली आणि विभाग एकक धरला, तर प्रत्येक विभागात फक्त चौथा बिंदू लागतो. ओबीसींना ४०, अनुसूचित जातींना शून्य, जमातींना शून्य. कायद्यातला टक्का तोच, राज्यघटना तीच, एका माणसाचीही पात्रता बदललेली नाही. जागा रिकामी होईल तसा बिंदू पुढं सरकतो, हे खरं. पण पाच पदांच्या विभागात सातवा बिंदू यायला दोन जण निवृत्त व्हावे लागतात आणि चौदावा यायला नऊ. तोवर एक पिढी जाते.

अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये विभाग हे एकक धरावं असा निकाल दिला, विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये तसं परिपत्रक काढलं, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल उचलून धरला, देशभर आंदोलन झालं, आणि २०१९ मध्ये आधी अध्यादेश व मग कायदा येऊन केंद्रीय संस्थांत पुन्हा सबंध संस्था एकक झाली. रस्त्यावर उतरलेल्यांच्या फलकांवर ‘१३ पॉइंट रोस्टर’ हे शब्द होते. भागाकाराच्या एका नियमावर एवढे लोक रस्त्यावर आले, ते बरोबरच होतं.

मंडल आयोगाचं काम मी याच नजरेनं वाचायला सांगीन. १९८० च्या ३१ डिसेंबरला आलेल्या या अहवालावर मतं सगळ्यांकडं आहेत, पण त्यातली गुणपद्धती किती जणांनी पाहिली आहे? निकष ११. चार सामाजिक, प्रत्येकी ३ गुण. तीन शैक्षणिक, प्रत्येकी २. चार आर्थिक, प्रत्येकी १. एकूण २२, आणि निम्मे म्हणजे ११ गुण मिळाले की जात मागास. सामाजिकाला आर्थिकाच्या तिप्पट वजन देणं हा आकडेमोडीत घातलेला विचारच होता: जात म्हणजे नुसती गरिबी नव्हे. निकषही मोजता येतील असे होते. ५ ते १५ वयाची कधीच शाळेत न गेलेली मुलं राज्याच्या सरासरीपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त. कुटुंबाच्या मालमत्तेचं सरासरी मूल्य किमान २५ टक्क्यांनी कमी. निम्म्याहून अधिक घरांना पिण्याचं पाणी अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडून.

छेद इथं राज्याची सरासरी आहे. म्हणून एकच जात एका राज्यात मागास ठरू शकते आणि शेजारच्या राज्यात नाही. यात एक अडचणही दडलेली आहे. एखाद्या राज्यात सगळ्यांचीच मुलं मोठ्या प्रमाणात शाळेबाहेर असतील, समजा सरासरी ८१ टक्के, तर तिच्याहून २५ टक्क्यांनी जास्त म्हणजे १०१ टक्क्यांच्या वर, जे होऊच शकत नाही. सगळे बुडालेले असले की सर्वांत खोल कोण, हे सरासरीवरून सांगता येत नाही. दुसरी अडचण नमुन्याची. प्रत्येक जिल्ह्यातून दोन गावं आणि एक शहरी भाग घेतला होता, ४०६ पैकी ४०५ जिल्ह्यांतून माहिती आली. मोठ्या जातींसाठी हे पुरेसं. पण जी जमात जिल्ह्यात तीनच ठिकाणी पाल ठोकते, ती त्या दोन गावांत सापडेलच कशी? आयोगाला हे ठाऊक असणार, कारण १९६१ ची जनगणना, दौऱ्यांत मिळालेली माहिती आणि राज्यांच्या याद्या यांचाही आधार त्यानं घेतला. तिसरी गोष्ट त्या ५२ टक्क्यांची. देशात ओबीसी ५२ टक्के हा आकडा १९३१ च्या जनगणनेवरून पुढं ओढलेला अंदाज होता, कारण सर्व जातींची आकडेवारी छापलेली ती अखेरची जनगणना. आणि शिफारस २७ टक्क्यांची झाली, कारण अनुसूचित जाती-जमातींच्या साडेबावीसमध्ये २७ मिळवले की साडेएकोणपन्नास होतात आणि न्यायालयांनी ५० ची रेघ मारलेली होती. म्हणजे २७ ही संख्या लोकसंख्येतून आलेली नाही. ती उरलेल्या जागेतून आलेली आहे.

मग नव्यानं मोजा, असं कोणीही म्हणेल. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात तेच झालं आणि काय बिघडलं हे प्रत्येक संशोधकानं डोक्यात ठेवावं. १९३१ मध्ये ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. या सर्वेक्षणात ४६ लाखांहून अधिक जातनावं आली, असं केंद्रानं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. महाराष्ट्राच्या अधिकृत याद्यांत ४९४ जाती, आणि नोंदी सव्वाचार लाखांच्या वर. एवढ्या जाती अर्थातच नाहीत. प्रगणकाच्या हाती जातींची सांकेतिक यादी नव्हती, जो शब्द कानावर पडला तो लिहिला गेला. कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी कूळ, कोणी गोत्र, कोणी आडनाव. त्यावर ऱ्हस्व-दीर्घाचे आणि उच्चाराचे फरक. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. प्रगणकाच्या हाती स्थानिक पर्यायी नावांसह जातींची यादी असणार की नाही, ही गोष्ट बारीक वाटली तरी सगळं तिच्यावर अवलंबून राहील.

आडनावावरून जात ओळखण्याचा मोह तर आपल्याकडं फार जुना. स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये तिहेरी चाचणी सक्तीची केली (आयोग नेमून मागासलेपण तपासायचं, संस्थानिहाय प्रमाण ठरवायचं, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवायचं), आणि राज्यानं नेमलेल्या बांठिया आयोगानं २०२२ मध्ये ओबीसींचं प्रमाण ३७ टक्के असल्याचं मांडलं. त्या कामात आडनावांचा आधार घेतल्यावरून टीका झाली आणि टीकेत तथ्य होतं. पवार, जाधव, शिंदे, मोरे, गायकवाड, चव्हाण: यांतलं कोणतंही आडनाव घ्या, ते मराठ्यांत आहे, बौद्धांत आहे, भटक्या जमातींत आहे, इतर मागासांतही आहे. आडनावानं जात ठरवणारा माणूस आपला पूर्वग्रह तक्त्यात भरत असतो.

क्षेत्रकामात म्हणून जात विचारण्याची एक रीत आहे. हा प्रश्न सुरुवातीला घ्यायचा नाही. बोलणं रुळल्यावर, शेवटाकडं घ्यायचा. माणसानं जो शब्द वापरला तो जसाच्या तसा लिहायचा. प्रवर्ग कोणता, हा वेगळा प्रश्न आणि वेगळा रकाना. दाखला आहे का, हा तिसरा. ‘सांगायचं नाही’ आणि ‘माहीत नाही’ या दोन उत्तरांना वेगवेगळे आकडे द्यायचे. दोन्ही एकाच खणात टाकली की कायमची हरवतात, आणि नकार हीदेखील माहिती असते.

कधी कधी संशोधकाला छेद स्वतः तयार करावा लागतो. ‘आमच्याकडं भेदभाव होत नाही, चांगले उमेदवारच येत नाहीत,’ हे वाक्य खोडायचं किंवा सिद्ध करायचं कसं? अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठी शिकण्यासारखा आहे. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव तुल्य, फरक नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची जी शक्यता, तिच्याशी तुलनेचं गुणोत्तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं.

इथं वाचताना एक चूक हटकून होते. हे गुणोत्तर ‘शक्यता-प्रमाणां’चं, म्हणजे बोलावणं आलेले विरुद्ध न आलेले यांचं आहे, टक्क्यांचं नाही. समजा सवर्ण नावाच्या १०० अर्जांपैकी १० ना बोलावणं आलं. त्यांचं प्रमाण १० विरुद्ध ९०, म्हणजे ०.१११. त्याला ०.६७ नं गुणलं की ०.०७४, आणि त्याचे टक्के होतात सुमारे ७. पण तिथं १०० पैकी ५० ना बोलावणं येत असतं, तर प्रमाण १ झालं असतं, गुणून ०.६७, आणि टक्के ४०. म्हणजे एकच ०.६७ एका जागी १० चे ७ करतं, दुसऱ्या जागी ५० चे ४०. ‘दलितांना ३३ टक्के कमी बोलावणी’ असं लिहिणारा चांगल्या हेतूनं चुकीचं लिहितो, आणि विरोधकाच्या हाती आयतं कोलीत देतो. ज्यांच्या बाजूनं आपण उभे आहोत, त्यांच्यासाठी तरी हिशेब बिनचूक हवा.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या दोषसिद्धीचंही असंच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दोषसिद्धीचा दर काढतो तो त्या वर्षी खटला पूर्ण झालेल्या प्रकरणांवर. समजा न्यायालयात १,००० प्रकरणं आहेत, वर्षभरात ५० संपली, १५ मध्ये शिक्षा झाली. दर ३० टक्के. पण फिर्याद देऊन वाट पाहणाऱ्या हजार जणांच्या बाजूनं पाहिलं तर वर्षात न्याय मिळाला तो दीड टक्क्याला. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सरकारी वकिलाच्या कामाबद्दल सांगतो, दुसरा फिर्यादीच्या आयुष्याबद्दल. प्रबंधात दोन्ही हवेत, शेजारी शेजारी.

पैशाचा माग काढताना तीन शब्द नीट ओळखता आले पाहिजेत: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. अनुसूचित जाती उपयोजनेची, म्हणजे त्यांच्यासाठी अर्थसंकल्पात वेगळ्या राखलेल्या निधीची, बातमी पहिल्याची होते. वर्ष सरताना दुसऱ्यात कात्री लागते. आणि तिसरा आकडा छापून येतो दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पात. २०२२-२३ चा प्रत्यक्ष खर्च २०२४-२५ च्या कागदांत शोधावा लागतो. तोपर्यंत बातमीदार पुढं गेलेला असतो, संशोधकानं मात्र मागं थांबायचं. उरलेलं माहिती अधिकारातून. अर्जाला १० रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. ३० दिवसांत उत्तर. न आल्यास किंवा न पटल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘निधी का खर्च झाला नाही?’ असं विचारलं की उत्तर येतं, प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. ‘अमुक लेखाशीर्षाखाली अमुक वर्षातील मासिक खर्चाच्या नोंदवहीच्या प्रती द्याव्यात’ असं विचारावं. मार्चच्या रकान्यात बाकी अकरा महिन्यांपेक्षा मोठा आकडा दिसला, की ‘का’चं उत्तर आपोआप हाती येतं.

आता राहिली माणसं. नमुना निवडायची पद्धत कागदावर सरळ आहे. मतदार यादीच्या भागात ११८० नावं आहेत आणि २५ हवीत. भागाकार केला की अंतर ४७. चिठ्ठी काढून सुरुवातीचा आकडा घ्यायचा, समजा १९. मग १९, ६६, ११३, १६० असं पुढं जायचं. जो निघाला त्यालाच गाठायचं. तो नाही म्हणून शेजारच्याला विचारायचं नाही. हा नियम जाचक वाटतो आणि इथंच कामचुकारपणा होतो. जो सहज भेटतो त्याचं घर रस्त्यावर असतं, त्याला दुपारी वेळ असतो, त्याला बोलण्याची सवय असते. बदली माणूस घेतला की नमुना नकळत गावाच्या मधल्या आळीकडं सरकतो.

मुलाखत ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर घेऊ नये. तिथं दिलेलं उत्तर कट्ट्याला उद्देशून असतं. बाईची मुलाखत शक्यतो बाईनं घ्यावी. छोट्या गावात नाव बदलून भागत नाही, हेही लक्षात ठेवावं. ‘वस्तीतली एकमेव शिक्षिका’ एवढं लिहिलं तरी सगळ्या तालुक्याला ती कोण ते कळतं, आणि संशोधक गेल्यावर तिला त्याच गावात राहायचं असतं. असा तपशील कितीही बोलका असला तरी गाळावा.

पण सगळ्यांत अवघड छेद आहे तो यादीत नसलेल्यांचा आणि यादीत असून न सापडणाऱ्यांचा. १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला ज्यांची त्यातून सुटका झाली, त्या विमुक्त जमातींतल्या कित्येक कुटुंबांपाशी आजही पत्त्याचा पुरावा नसतो. यादीवरून नमुना काढणारा त्यांना कधीच भेटत नाही. त्यांच्यासाठी पालांची वेगळी मोजणी करून, वेगळा नमुना काढावा लागतो आणि तो मुख्य आकड्यांत न मिसळता वेगळा मांडावा लागतो. बीडकडचे ऊसतोड मजूर यादीत असतात; पण दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. विद्यार्थ्याचं क्षेत्रकाम नेमकं हिवाळ्याच्या सुट्टीत बसतं. त्या महिन्यांत तांड्यावर म्हातारी माणसं आणि कुलपं असतात. त्या सर्वेक्षणातून निघालेली मजुरी, शाळागळती, रेशनचा वापर, सगळंच मागं राहिलेल्यांचं असतं.

म्हणून प्रबंधाच्या परिशिष्टात एक तक्ता मी आवर्जून पाहते: निवडलेली नावं, भेटलेली, न भेटलेली, कारण. बऱ्याच ठिकाणी कारणाच्या रकान्यात ‘घर बंद’ एवढंच असतं. तेवढ्यावर थांबू नये. कुलूप केव्हापासून आहे, किती माणसं गेली, पोरं सोबत नेली की आजीपाशी ठेवली, कोणत्या कारखान्याला गेली, उचल किती घेतली होती, परत कधी येणार, हे शेजारी विचारून लिहावं. आणि ज्या महिन्यात येणार म्हणून सांगितलं, त्या महिन्यात तोच अनुक्रमांक घेऊन पुन्हा जावं.